वळणदार अक्षरांची सनद

विद्युत्‌चुंबकीय क्षेत्राची एकूण ऊर्जा सांगणारे एक आटोपशीर समीकरण आहे. त्याच्या डाव्या अंगाला एकच अक्षर असते, रोमन लिपीतील कॅपिटल एच. परंतु ते पुस्तकी छापाचे ताठ एच नसून, लेखणी कागदावरून न उचलता एका झोकात काढावे तसे बाकदार, वळणदार एच असते आणि ते हॅमिल्टोनियनचे, म्हणजे त्या व्यवस्थेच्या सबंध ऊर्जेचे, द्योतक असते. उजव्या अंगाला संकलनाचे चिन्ह, आणि त्याच्या पोटात कंसामध्ये विद्युत्‌क्षेत्राचा वर्ग व चुंबकीय क्षेत्राचा वर्ग आपापल्या गुणकांसह बेरजेत उभे असतात. त्यांतील चुंबकीय क्षेत्राचे अक्षरही एचच, पण साधे. आता ज्या यंत्राला वळणाचा भेद ठाऊक नाही अशा यंत्रातून हा मजकूर गेला, तर दोन्ही एच एकरूप होतात आणि ऊर्जेची व्याख्या सांगणारे ते वाक्य अकस्मात् असे काही बनते की ज्यातील अज्ञात राशी संकलनचिन्हाच्या बाहेरही आहे आणि आतही आहे. असल्या समीकरणांचेही गणितात एक स्वतंत्र शास्त्र आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला चूक झाल्याचा संशयसुद्धा येत नाही. बार्बरा बीटन, आस्मुस फ्रायटाग आणि मरे सार्जंट या तिघांनी युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेच्या गणितविषयक अहवालात हाच दाखला दिला आहे. आणि रोमन अक्षरांच्या वळणांना संगणकाच्या मजकुरात स्वतंत्र अक्षरांचा दर्जा कसा मिळाला, त्याचा इतिहास या एका दाखल्याभोवती बराचसा गुंफलेला आहे.

हा दर्जा मिळणे सहजसाध्य नव्हते, कारण सर्वसामान्य लेखनव्यवहारात वळणाला अर्थाच्या बाबतीत काहीच अधिकार नसतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले, तेव्हा कारकुनांच्या लपेटीदार मोडीतील मजकूर बालबोध टंकात छापला गेला. ऱ्हस्व-दीर्घाच्या शंका निघाल्या असतील, नावांच्या वाचनावर वादही झाले असतील, पण अक्षराचा बाक गेला म्हणून तहातील कलम पालटले, अशी फिर्याद कोणी केली नाही. पत्राचा अर्थ अक्षरांत असतो, हाताच्या वळणात नसतो, ही समजूत जगातील बहुतेक सर्व दफ्तरखान्यांनी आणि छापखान्यांनी गृहीत धरली होती. गणिताने मात्र ती मोडली, आणि तीही केवळ नाइलाजास्तव.

नाइलाज अक्षरांच्या तुटवड्याचा होता. अज्ञात राशीला नाव हवे, ते आखूड हवे आणि दुसऱ्या राशीच्या नावाहून वेगळे हवे, ही अडचण बीजगणिताइतकीच जुनी आहे. आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी पहिल्या अव्यक्त राशीस ‘यावत्तावत्’ म्हटले आणि पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देऊन त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी, लो अशी मांडणीत वापरली. ही योजना रंगांची नावे पुरतात तोवर उत्तम चालते. युरोपात सतराव्या शतकापासून एकेका रोमन अक्षराला राशीचे नाव समजण्याची वहिवाट पडली, आणि ती इतकी सोयीची ठरली की दोनअडीचशे वर्षांत सव्वीस अक्षरे अपुरी पडू लागली. मग ग्रीक अक्षरे आली. तीही पुरेनात, तेव्हा त्याच रोमन अक्षरांची निरनिराळी वळणे कामाला जुंपली गेली. १८७३ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युत् आणि चुंबकत्वावरील आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ज्या राशींना दिशाही असते अशा सदिश राशींसाठी त्यांनी जर्मन वळणाची, टोकदार कोनांची फ्राक्टूर अक्षरे वापरली. त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड डेडेकिंड यांनी संख्यासिद्धांतातील आपल्या ‘आयडियल’ या नव्या कल्पनेला तीच अक्षरे दिली. पण जर्मन विद्यार्थ्याला ती लहानपणापासूनच्या पाठ्यपुस्तकांतील होती, इंग्रज वाचकाला ती परकी आणि एकमेकांसारखी दिसणारी. ऑलिव्हर हेविसाइड या फटकळ आणि एकलकोंड्या विद्युत्‌शास्त्रज्ञाने १८९३ साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात याबद्दल कडक टीका केली: वाचकांचे मन सदिश गणिताविरुद्ध कलुषित होण्यास ही अक्षरे एकटीच पुरेशी आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांच्याऐवजी क्लॅरेंडन नावाचा ठळक टंक वापरावा ही त्यांची तजवीज, आणि सदिश राशी ठळक अक्षरात छापण्याची जी पद्धत आजच्या पाठ्यपुस्तकांत आहे, तिचा उगम तेथे आहे. फ्राक्टूरबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४१ साली नाझी राजवटीने आदेश काढून ही लिपी जर्मनीच्या सरकारी व्यवहारातून हद्दपार केली. गणितज्ञांच्या आयडियलांवर त्या हुकमाचा काही परिणाम झाला नाही, आणि जी लिपी जर्मन शाळांतून व वर्तमानपत्रांतून मावळली ती बीजगणिताच्या पानांवर टोकियोपासून प्रिन्स्टनपर्यंत वापरात राहिली.

वळणदार अक्षरांचे कूळ निराळे. त्यांच्यामागे दोन हस्तपरंपरा आहेत आणि पुढे जो तंटा उद्भवला तो समजण्यासाठी त्या दोहोंची ओळख येथेच करून घेतली पाहिजे. पहिली इटलीतील चॅन्सरी हाताची. पोपच्या दफ्तरखान्यात आज्ञापत्रे लिहिणारे लेखक रुंद टाकाने किंचित तिरकी, अरुंद आणि भरभर लिहिता येणारी अक्षरे काढीत. त्यांपैकी लुडोविको अर्रीगी याने हे वळण शिकवणारी एक छोटी पुस्तिका काढली, तिच्यावर १५२२ हे साल आहे. दुसरी परंपरा इंग्लंडातील राऊंडहँडची. व्यापारी पेढ्या आणि वकिलांच्या कचेऱ्या यांच्या वाढत्या पत्रव्यवहारासाठी तेथे टोकदार, लवचिक टाकाने लिहिण्याचे वळण रुजले. वरून खाली येताना टाक दाबला की रेघ जाड होते, खालून वर जाताना हात सैल सोडला की केसासारखी बारीक होते, आणि आरंभी-शेवटी वेलांट्या घेण्यास भरपूर वाव असतो. जॉर्ज बिकम याने १७३३ ते १७४१ या काळात नामवंत लेखनशिक्षकांचे नमुने तांब्याच्या पत्र्यावर कोरून भागाभागाने प्रसिद्ध केले, तो या हाताचा कळस समजला जातो. लॅप्लासचे रूपांतर, फूर्येचे रूपांतर, लाग्रांजची घनता, विद्युत्‌प्रेरक शक्ती, हॅमिल्टोनियन अशा प्रतिष्ठित राशींसाठी गणिती आणि भौतिकी ग्रंथकारांनी जी वळणदार कॅपिटल अक्षरे घेतली ती कधी या घराण्यातली, कधी त्या घराण्यातली. आणि छापखान्याच्या पेटीत जी असतील ती घ्यायची हीच खरी रीत होती.

पेटीतील ही अक्षरे जुळाऱ्याच्या नावडीची होती. शिशाचा खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. तिरक्या वळणदार अक्षराची शेपटी त्या ठोकळ्याबाहेर डोकावते, शेजारच्या खिळ्यावर टेकते, आणि दाबयंत्राच्या दोनचार फेऱ्यांत तुटून पडते. त्यातून घातांक, पादांक, अपूर्णांकाची रेघ आणि मोठाले कंस अशी सूत्राची इमारत हाताने रचावयाची, तर एका पानाला लागणारा वेळ साध्या मजकुराच्या कितीतरी पट होत असे. ऑक्सफर्डमध्ये चाउंडी, बॅरेट आणि बेटी या तिघांनी १९५४ साली गणिताच्या मुद्रणावर एक पुस्तकच लिहिले, ते मुख्यतः ग्रंथकार आणि छापखाना यांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून. ग्रंथकाराकडे तर पेटीही नव्हती. त्याच्या हस्तलिखितात ठळक अक्षराखाली नागमोडी रेघ ओढायची अशी खूण ठरलेली होती, आणि टंकलेखनयंत्रावर प्रबंध तयार करणारा विद्यार्थी वळणदार अक्षराच्या जागी कोरी फट सोडून रात्री दौत-टाक घेऊन त्या फटी भरीत बसे. आयबीएम कंपनीने १९६१ साली जे नवे टंकलेखनयंत्र आणले, त्यात अक्षरांच्या दांड्यांऐवजी सुपारीपेक्षा थोडा मोठा धातुरूपी गोळा होता. तो काढून चिन्हांचा दुसरा गोळा बसवता येई. एका वळणदार अक्षरासाठी गोळा काढा, दुसरा लावा, एक कळ दाबा, पुन्हा पहिला लावा, असे करीत शेकडो पानांचे शोधनिबंध विद्यापीठांच्या कचेऱ्यांतून टंकलिखित झाले आणि ज्या टंकलेखिकांनी ते केले त्यांची नावे ग्रंथकारांच्या आभारप्रदर्शनाच्या शेवटच्या ओळीत आढळतात.

१९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या हाती आपल्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांत जुळवलेली होती. ही नवी छायाक्षरजुळणीने केलेली, आणि ती पाहून त्यांना इतका विषाद वाटला की ग्रंथलेखन बाजूला ठेवून त्यांनी गणिती मजकूर जुळवणारी ‘टेक’ ही संगणकप्रणाली आणि अक्षरे आखणारी ‘मेटाफाँट’ ही तिची जोडप्रणाली लिहावयास घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिले, सोसायटीने प्रणालीला आश्रय दिला आणि थोर अक्षरकार हेरमान झाप्फ यांच्याकडून गणितासाठी ‘ऑयलर’ नावाचा टंकही करवून घेतला. नूथ यांच्या मूळ टंकात वळणदार अक्षरांचा जो संच होता त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती, आणि त्यांचे वळण चॅन्सरीच्या जवळचे होते. राऊंडहँडची खरी वेलांटी ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी पुढे राल्फ स्मिथ यांनी वेगळा टंक आखला. टेकमध्ये दोन्ही संच दोन वेगळ्या आज्ञांनी मागवता येतात, म्हणून काही ग्रंथकार एकाच निबंधात दोन्ही वापरू लागले आणि चॅन्सरी एल म्हणजे एक वस्तू व राऊंडहँड एल म्हणजे दुसरी, असा भेदही करू लागले. मात्र टेकच्या लेखी मजकुरात अक्षर साधेच राहते. ‘हे एच घे आणि त्याला वळण दे’ अशी ती आज्ञा असते; अर्थ आज्ञेत राहतो, अक्षरात नाही.

हे सारे चालू असता जगातील सर्व लिप्यांना एकाच संहितेत आणण्याची योजना दुसरीकडे आकार घेत होती. झेरॉक्स कंपनीतील जो बेकर यांनी १९८८ साली तिचा खर्डा लिहिला, १९९१च्या जानेवारीत युनिकोड कन्सॉर्शियम रीतसर नोंदले गेले, आणि तिच्या मूलतत्त्वांपैकी एक असे होते की संहिता अक्षराला क्रमांक देते, अक्षराच्या रूपाला देत नाही. साधा ए, तिरका ए, ठळक ए आणि वळणदार ए हे सारे एकच ए. त्यांचे रूप ठरवणे टंकाचे काम. हे तत्त्व मला आजही योग्य वाटते. ते नसते तर प्रत्येक जाहिरातदाराच्या हौसेची नोंद संहितेत करीत बसावे लागले असते. पण तत्त्व पवित्र असले तरी संस्थापकांना जुन्या संस्थानांशी तह करावे लागले होते: जी चिन्हे कंपन्यांच्या किंवा देशांच्या पूर्वीच्या संचांत होती ती, येथून तेथे जाताना मजकूर नासू नये म्हणून, जशीच्या तशी स्वीकारावी लागली. त्या वाटेने काही वळणदार अक्षरे आधीच आत शिरली होती. कॅपिटलांपैकी बी, ई, एफ, एच, आय, एल, एम आणि आर ही आठ, लहानांपैकी ई, जी आणि ओ; प्रत्येकापुढे टीप होती की हे लॅप्लासचे, हे फूर्येचे, हे हॅमिल्टनचे. एमपुढे तर भौतिकशास्त्रातील उपयोगाबरोबरच जुन्या जर्मन मार्क नाण्याचाही उल्लेख आहे. ही अक्षरे म्हणून आलेली नव्हती, सुटी चिन्हे म्हणून आलेली होती. त्यांच्यामागे उरलेली वर्णमाला नव्हती.

१९९५च्या सुमारास अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी, अमेरिकन फिजिकल सोसायटी, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स, अमेरिकन केमिकल सोसायटी, विद्युत् अभियंत्यांची आय-ट्रिपल-ई आणि एल्सेव्हियर ही प्रकाशनसंस्था अशा सहांनी एकत्र येऊन विज्ञानाच्या छपाईस लागणाऱ्या यच्चयावत् चिन्हांचा एक समाईक टंक करावयाचे ठरवले. त्याचे नाव ‘स्टिक्स’. टंक करावयाचा तर चिन्हांची यादी हवी, आणि यादीतील प्रत्येक चिन्हाला संहितेत क्रमांक हवा. प्रॉव्हिडन्स येथील मॅथेमॅटिकल सोसायटीत गणिती अक्षरजुळणीचा संसार वर्षानुवर्षे सांभाळलेल्या बार्बरा बीटन यांनी या यादीसाठी जे परिश्रम केले ते अशा प्रकारच्या कामांचे असतात तसेच, म्हणजे कंटाळवाणे, चिकाटीचे आणि बाहेरच्यांना न दिसणारे होते: चिन्ह कोणत्या ग्रंथात आले, कोणत्या अर्थाने आले, दुसऱ्या कोणत्या चिन्हाशी त्याचा भेद आहे, आणि तो भेद खरा आहे की छापखान्याच्या लहरीचा, हे एकेक करून ठरवणे. यादीत बाण होते, संबंधचिन्हे होती, कंसांचे प्रकार होते; त्यांच्याविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता तो अक्षरांचा.

एका पक्षाचे म्हणणे असे की वळण सांगण्यासाठी खुणांची भाषा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९८ साली ‘मॅथएमएल’ ही गणित लिहिण्याची खूणभाषा प्रमाण म्हणून जाहीर केली होती. तीत अक्षराभोवती ‘हे वळणदार’ अशी खूण घालावी आणि संहितेचे तत्त्व अबाधित ठेवावे. दुसऱ्या पक्षात मायक्रोसॉफ्टचे मरे सार्जंट होते. हे गृहस्थ मूळचे लेसरविज्ञानातले. १९७४ साली स्कली आणि नोबेल पारितोषिक विजेते लँब यांच्यासह त्यांनी लेसरवर ग्रंथ लिहिलेला, स्वतःचे सूत्रजुळणीचे प्रोग्रॅमही लिहिलेले, आणि म्हणून आरंभी सांगितलेल्या त्या समीकरणातील दोन एच त्यांना पोथीतून नव्हे, तर रोजच्या कामातून माहीत होते. त्यांच्या पक्षाचा मुद्दा असा होता की खुणा गळतात. मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेला, टपालात टाकला, शोधासाठी अनुक्रमणिकेत घातला, की भोवतालची सजावट झडते आणि साधी अक्षरे उरतात. साहित्याच्या मजकुरात त्याने काही बिघडत नाही, गणिताच्या मजकुरात वाक्यच पालटते. तेव्हा गणितात वळणदार एच हे एचचे रूप नव्हे, ते वेगळे चिन्ह आहे, आणि संहितेचे स्वतःचे तत्त्व प्रामाणिकपणे लावले तर त्याला वेगळा क्रमांक मिळालाच पाहिजे. मला या युक्तिवादाची हीच बाजू विलक्षण वाटते: त्याने नियमाला अपवाद मागितला नाही, नियमाचाच आधार घेतला.

निकाल मागणाऱ्यांच्या बाजूने लागला, पण अटींसह. मार्च २००१ मध्ये युनिकोडची ३.१ ही आवृत्ती निघाली. पहिल्या ६५,५३६ स्थानांपलीकडचा जो विस्तार १९९६ सालीच आखून ठेवला होता पण ज्यात एकही अक्षर वसवले नव्हते, त्याची दारे या आवृत्तीने प्रथम उघडली. त्यात चिनी अक्षरांचा प्रचंड समुदाय आला, प्राचीन गॉथिक आली, संगीतलेखनाची चिन्हे आली, आणि १,०२४ स्थानांचा एक गट ‘गणिती अक्षरांक चिन्हे’ या नावाने आला. तेरा प्रकारच्या रोमन वर्णमाला, पाच प्रकारच्या ग्रीक, पाच प्रकारचे अंक. प्रत्येक अक्षराच्या नावाआधी ‘गणिती’ हे विशेषण कायमचे जडवलेले. सामान्य मजकूर नटवण्यासाठी ही वापरू नयेत असे स्पष्ट बजावलेले. आणि त्याच हेतूने की काय, स्वराघात असलेले एकही अक्षर दिलेले नाही, म्हणून फ्रेंच किंवा जर्मन नाव या वर्णमालांत धड लिहिता येत नाही. सनद राशींना होती, शब्दांना नव्हती. महिनाभर आधी निघालेल्या मॅथएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत वळण सांगणारी खूणही ठेवलेली होती, म्हणजे दोन्ही पक्षांचे मार्ग समांतर चालू राहिले.

आता त्या जुन्या, सुट्या आलेल्या अक्षरांचा प्रश्न उरला. ती उचलून नव्या वर्णमालेत त्यांच्या जागी बसवणे अशक्य होते, कारण एकदा दिलेला क्रमांक हलवायचा नाही, एकदा दिलेले नाव बदलायचे नाही, हा दंडक युनिकोडने मधल्या काळात स्वतःला घालून घेतला होता. त्यांची दुसरी प्रत करणेही नको होते. एकाच वस्तूचे दोन दाखले म्हणजे शोध घेणाऱ्याची फसगत. म्हणून नव्या वर्णमालांत त्या त्या ठिकाणी जागा रिकाम्या सोडल्या गेल्या. वळणदार कॅपिटलांत आठ, वळणदार लहानांत आरंभी चार, फ्राक्टूरमध्ये पाच, दुहेरी रेघांच्या अक्षरांत सात, आणि तिरक्या लहान एचची एक, कारण तो एच प्लांकच्या स्थिरांकाच्या नावे पूर्वीच नोंदला गेला होता. बर्लिन हे नाव रोमन लिपीतील सहा वळणदार कॅपिटलांत लिहून पाहिले म्हणजे गंमत कळते: बी, ई, आर, एल, आय ही पाचही जुन्या गटातून आणावी लागतात आणि शेवटचा एन तेवढा नव्या गटात सापडतो, ‘यूटीएफ-८’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या नोंदपद्धतीत पहिली पाच प्रत्येकी तीन बाइट जागा घेतात आणि एन चार घेतो. जो प्रोग्रॅमर साध्या अक्षराच्या क्रमांकात ठराविक संख्या मिळवून वळणदार अक्षर काढू पाहतो, त्याला सव्वीसपैकी अठरा बरोबर मिळतात आणि आठांच्या जागी रिकामी चौकट. मग तो अपवादांचा तक्ता लिहितो. जगात असे किती तक्ते लिहिले गेले असतील!

लहान अक्षरांतील चौथी रिकामी जागा एलची होती, आणि तिची हकीकत मासलेवाईक आहे. लिटरसाठी वापरतात ते बाकदार एल ‘स्क्रिप्ट लहान एल’ या नावाने जुन्या गटात होते. नावावर विश्वासून नव्या वर्णमालेत जागा कोरी सोडली. पुढे ध्यानात आले की ते चिन्ह वळणदार घराण्यातले नसून तिरक्या एलचेच एक खास रूप आहे. तेव्हा २००३च्या चौथ्या आवृत्तीत ती जागा भरून खरा वळणदार एल दाखल करण्यात आला. जुन्याचे नाव मात्र तसेच राहिले. वायरश्ट्रास यांच्या लंबवर्तुळी फलनाचे जे प्रसिद्ध चिन्ह आहे, त्याचेही असेच: संहितेत ते ‘स्क्रिप्ट कॅपिटल पी’ म्हणून नोंदले आहे, वास्तविक ते लहान पी आहे, आणि नाव बदलता येत नाही म्हणून शेजारी दुरुस्तीचे उपनाव लिहून ठेवले आहे. दफ्तरात चुकलेली नोंद खोडायची नाही, समासात शेरा मारायचा, ही रीत काही केवळ पेशव्यांच्या फडातच नव्हती.

सनद मिळाली तरी ताबा मिळावयास पुष्कळ वर्षे गेली. १९९५ला योजलेला स्टिक्स टंक २०१०च्या मे महिन्यात बाहेर आला. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये कँब्रिया मॅथ हा टंक आणि सूत्रे जुळवण्याची नवी व्यवस्था दिली, ती त्या आधीची. पण टंक असला तरी मजकूर वाहणारी यंत्रणा तयार नव्हती. ६५,५३६च्या पलीकडचे अक्षर म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना भूतच वाटे. मायएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या माहितीकोशात ‘यूटीएफ-८’ म्हणून जो प्रकार होता त्यात अक्षराला तीनच बाइट जागा असे आणि बर्लिनमधला तो चार बाइटांचा वळणदार एन तेथे मावत नसे. हे दुखणे गणितज्ञांच्या अर्जांनी बरे झाले नाही. २०१०च्या ऑक्टोबरात सहाव्या आवृत्तीत हसरे-रडवे चेहरे, म्हणजे इमोजी, दाखल झाले. त्यांची बहुतेक वस्ती त्याच पलीकडच्या मुलखात होती, आणि ते दिसत नाहीत म्हणून कोट्यवधी फोनधारक तक्रार करू लागताच जी दुरुस्ती दहा वर्षे रखडली होती ती भराभर झाली. विद्वानांच्या पाऊलवाटेवर सडक झाली ती अशी पोरखेळाच्या वर्दळीने, आणि गणितज्ञांनी त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही.

सडकेवरून नको ते लोकही आले. समाजमाध्यमांवर आपले नाव नक्षीदार दिसावे म्हणून लोक या गणिती अक्षरांची माळ करू लागले. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्रॅम अशा नावाचे प्रत्येक अक्षर ‘गणिती स्क्रिप्ट कॅपिटल अमुक’ असे पूर्ण बिरुदासह उच्चारतात, नाहीतर मूग गिळून पुढे जातात. शोधयंत्रांना आणि चाळण्यांना चकवा देण्यासाठीही त्यांचा वापर झाला. त्यावरचा उतारा संहितेनेच करून ठेवला होता: प्रत्येक गणिती अक्षरापुढे त्याचे साधे रूप नोंदलेले आहे आणि सामान्यीकरणाच्या एका रीतीने सारी वळणे उतरवता येतात. पायथन या आज्ञाभाषेत चलांची नावे याच रीतीने गाळून घेतली जातात, तेथे वळणदार ए आणि साधा ए एकच. पण ही चाळणी गणिताच्या मजकुराला लावली की दोन एच पुन्हा एकरूप होतात. उतारा घ्यायचा की नाही हे मजकूर पाहून ठरवावे लागते, आणि यंत्राला ते आपोआप समजत नाही.

दरम्यान अरबी गणितानेही तोच हक्क मागितला. बऱ्याच अरबी पाठ्यपुस्तकांत सूत्रे उजवीकडून डावीकडे लिहितात आणि अक्षराची शेपटी लांबवून, फास घालून किंवा दुहेरी रेघ देऊन राशींचा भेद दाखवतात. त्यांची १४३ चिन्हे २०१२ साली ६.१ आवृत्तीत नोंदली गेली. देवनागरीसाठी असा गट नाही, आणि तो मागण्याचे कारणही आज दिसत नाही, कारण आमच्या बीजगणितातील क्ष आणि य यांनी मराठी पाठ्यपुस्तकांतून एक्स आणि वाय यांना जागा करून दिल्याला बराच काळ लोटला आहे.

राहता राहिला चॅन्सरी आणि राऊंडहँड यांचा तंटा. २००१च्या गटाने वळणदार अक्षर एकच मानले. ते कोणत्या हाताचे दाखवायचे हे टंकावर सोडले, आणि टंकांनी आपापल्या मनाप्रमाणे केले. टेकच्या दोन आज्ञा वापरून दोन अर्थ लिहिणाऱ्या ग्रंथकाराचा मजकूर संहितेत आणला की दोन एल एकच होत. वीस वर्षांपूर्वी साधा एच आणि वळणदार एच यांच्याविषयी जी फिर्याद होती, तीच आता दोन वळणदार अक्षरांविषयी उभी राहिली आणि ती मांडणारेही पुन्हा मरे सार्जंटच होते. या वेळी नवी वर्णमाला दिली गेली नाही. सप्टेंबर २०२१च्या चौदाव्या आवृत्तीत असे ठरले की वळणदार कॅपिटलापाठोपाठ दोन अदृश्य निवडचिन्हांपैकी एक लिहावे; पहिले लिहिल्यास चॅन्सरी, दुसरे लिहिल्यास राऊंडहँड. सव्वीस अक्षरांच्या मिळून ५२ जोड्या नोंदल्या गेल्या, आणि त्यांत जुन्या गटातील आठ अक्षरे त्यांच्या जुन्याच क्रमांकांसह घेतली गेली. लहान अक्षरांना ही सवड नाही. ज्या टंकात दोन्ही हात आखलेले नाहीत त्याला ते निवडचिन्ह दुर्लक्षिण्याची मुभा आहे. आणि ज्या लेखकाने ते लिहिलेच नाही, त्याने टंक देईल ते वळण मुकाट्याने घ्यावयाचे.